आठ दशांश मिलिमीटरची फट

वरूडजवळच्या एका संत्राबागेत मातीचा ओलावा कळवणारी पेटी आम्ही बसवली होती. तिसऱ्या आठवड्यात ती गप्प झाली. बॅटरी भरलेली, सेन्सर चांगला, अँटेनाही शाबूत. झाकण उघडून अँटेनाला बोट लावलं, तर तिच्यासोबत बोर्डाच्या कडेचा सोनेरी कनेक्टरही हलला. त्याच्या पायांशी सोल्डर भरपूर होतं, चकाकतही होतं. पण खालच्या दोन पायांजवळ केसाएवढी चीर गेली होती. तो डाग मीच दिलेला होता.

एसएमए नावाचा हा कनेक्टर नखाएवढा असतो. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत त्याचा जन्म झाला, आणि आज वायफायच्या डब्यापासून प्रयोगशाळेतल्या उपकरणांपर्यंत तो सगळीकडे दिसतो. आटे पाव इंच व्यासाचे, आतली वाट 50 ओहमची. बोर्डाच्या कडेवर बसणाऱ्या प्रकाराला चार पाय असतात, दोन वर आणि दोन खाली, आणि मधोमध पिन. या जबड्यात बोर्ड सरकवायचा. बाजारात सहज मिळणाऱ्या कनेक्टरचा जबडा 1.6 मिलिमीटरच्या बोर्डासाठी घडवलेला असतो. हे माप मुळात इंचाच्या सोळाव्या भागाचं.

आमचा बोर्ड मात्र 0.8 मिलिमीटरचा होता, आणि तो तसा घेण्याला कारण होतं. नेहमीच्या फायबरच्या 1.6 मिलिमीटर बोर्डावर 50 ओहमचा ट्रॅक जवळजवळ 3 मिलिमीटर रुंद काढावा लागतो, 0.8 च्या बोर्डावर तोच दीडेक मिलिमीटरवर येतो आणि सव्वा मिलिमीटरच्या पिनेला नीट जुळतो. म्हणजे विजेच्या हिशेबाने पातळ बोर्ड बरा, पण जबड्याच्या हिशेबाने निम्मा. ही अडचण वऱ्हाडाला नवी नाही. मुर्तिजापूरला शकुंतला या छोट्या गाडीचे 762 मिलिमीटरचे रूळ आणि मोठ्या गाडीचे 1676 मिलिमीटरचे रूळ एकाच स्टेशनात आले, पण डबा काही या रुळावरून त्या रुळावर गेला नाही. माणसांना उतरून गाडी बदलावी लागली.

फट दिसली की हात आपोआप सोल्डरच्या तारेकडे जातो. मी तेच केलं होतं. कोणी पकडीने पाय दाबून फट मिटवतात; पितळेचा पाय वाकताना मुळाशी तडकतो, आणि पिनही ट्रॅकवरून उचलली जाते. सोल्डर मऊ असतं. त्याचं काम सांधायचं, भर घालायचं नाही. अँटेना म्हणजे त्या सांध्यावर चोवीस तास टेकलेली पहारच. त्यात मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा 45 अंशांवर जातो, उन्हातली प्लॅस्टिकची पेटी त्याहून तापते आणि रात्री निवते. या रोजच्या फुगण्या-आकसण्यात सोल्डरचा गोळा दमतो.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. ट्रॅकमधून गेलेला प्रवाह खालच्या तांब्यातून परततो. तिथे फट असली की त्याला वळसा पडतो. एका नॅनोहेन्रीचा वळसा म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण शेतातल्या अशा पेट्या वापरतात त्या 866 मेगाहर्ट्‌झला तो साडेपाच ओहमचा अडथळा होतो.

उपाय सापडला तो मोटार वाइंडिंगच्या दुकानात. विहिरीवरच्या पंपाच्या मोटारी जळतात, म्हणून आपल्याकडे तालुक्याच्या गावी असं दुकान असतंच, आणि तिथे तांब्याची तार नंबराने मिळते. 21 नंबरची तार 0.81 मिलिमीटर जाड. बोर्डाचे 0.8 आणि तारेचे 0.81 मिळून जबडा भरतो. मी वीतभर तार मागितली.

“एवढुशी तार कायले पाह्यजे बापा?” दुकानदाराने विचारलं.

मी बोर्ड दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला, फटीत तारेचं टोक घालून पाहिलं आणि म्हणाले, “वार्निस खरडून घेजो, नाही तं डाग धरनार नाही.” माझ्या लक्षात न आलेली गोष्ट त्यांनी पहिल्या नजरेत सांगितली. तारेवरचं इनॅमल निघाल्याशिवाय सोल्डर तांब्याला चिकटत नाही.

पॉलिश पेपरने तार लख्ख केली आणि पायाच्या लांबीचे दोन तुकडे कापले. बोर्डाचा वरचा पृष्ठभाग वरच्या पायांना आणि पिनेला घट्ट टेकवून ठेवला, म्हणजे सगळी फट खालीच उरली. तिथे पायागणिक एक तुकडा चिमट्याने सरकवला. मग थोडं फ्लक्स आणि 60 वॉटचं रुंद टोकाचं आयर्न. बारीक टोकाचं इथे चालत नाही, कारण पितळ सगळी उष्णता पिऊन टाकतं आणि वरून चकचकीत, आतून कोरडा असा डाग बसतो. आधी एका पायाला टाका, मग पिन सरळ आहे ना ते पाहणं, मग उरलेले पाय. कनेक्टरचं अंग बोर्डाच्या कडेला भिडतं त्या खालच्या रेषेवरही सोल्डर ओढलं, कारण प्रवाहाची परतीची जवळची वाट तीच. पिन सगळ्यात शेवटी, दोन सेकंदांत. गार झाल्यावर मल्टीमीटरने पिन आणि अंग यांच्यात शॉर्ट नाही याची खात्री केली.

बोर्ड जबड्यापेक्षा जाड निघाला तर तो ठोकून बसवू नये. कानस लावायची ती खालच्या पायांच्या आतल्या बाजूला. बोर्डाला लावली तर 35 मायक्रॉनचं तांबं पहिल्या दोन हातांत निघून जातं. पाय फारच बारीक होणार असतील तर दुसरा कनेक्टर मागवलेला बरा.

अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1964 चं, अकोल्याचं कृषी विद्यापीठ 1969 चं. दोन्हींत शंभरेक किलोमीटरचंच अंतर, म्हणजे यंत्र आणि शेती दोन्ही शिकवणारे इथे हाताशी आहेत. शेतात टिकेल असं इलेक्ट्रॉनिक्स या पट्ट्यात घडायचं असेल तर पोरांच्या हाताला आयर्नइतकीच जाडी मोजणाऱ्या कॅलिपरची सवय हवी, असं मला मनापासून वाटतं. पेटी पुन्हा बागेत नेली तेव्हा आंबिया बहाराची फळं लिंबाएवढी झाली होती. आठ नंबरच्या पान्याने अँटेनाचा नट हलक्या हाताने आवळला. अँटेना धरून पेटी थोडी हलवली. कनेक्टर हलला नाही. झाकण लावून झाडाच्या बुंध्याशी बसलो, आणि पाच मिनिटांत फोनवर ओलाव्याचा आकडा आला.