घराची दुरुस्ती : काम बिघडते कोठे?

पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली स्थापन झाले, ते मुख्यतः येथील कामगारांना परवडणारी घरे मिळावीत म्हणून. निगडी-आकुर्डीकडच्या पेठांतील त्या काळची घरे आता जुनी झाली. वडिलांनी टेल्कोच्या पगारातून घेतलेले घर आज मुलगा दुरुस्तीला काढतो. गंजलेले नळ, गळके न्हाणीघर, उखडलेली फरशी. आमचे कितीतरी गवंडी, फरशीवाले, सुतार व रंगारी बांधव अशाच कामांवर पोट भरतात.

मग यांतली काही कामे भांडणात का संपतात? हात कच्चा असतो म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा बोलणे कच्चे असते.

आमच्याच घरचे सांगतो. न्हाणीघराचे काम उक्ते दिले, सगळे तोंडी. काम निम्मे झाल्यावर घरच्यांना वाटले, टाइल्स छतापर्यंत घ्याव्यात आणि एक कडप्प्याचे फडताळही करून घ्यावे. मिस्त्रींनी केले. हिशेबाच्या दिवशी त्यांनी जादा पैसे मागितले आणि आम्ही चिडलो. ते शांतपणे म्हणाले, “चाचा, बोलणे सात फुटांचे झाले होते.” त्यांचेच बरोबर होते, पण ते सिद्ध करायला ना त्यांच्याकडे कागद होता, ना आमच्याकडे.

वास्तविक ही शिकवण आपल्याला नवी नाही. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा व साक्षीदार घेण्याचा आदेश आहे. व्यवहार लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असेही तेथेच सांगितले आहे. वस्तू बनवून घेण्याच्या कराराला फिकहमध्ये ‘इस्तिस्ना’ म्हणतात. त्यात वस्तूचे वर्णन आणि किंमत आधी ठरलेली लागते. आपण निकाहनामा लिहितो, दुकानाचे भाडेपत्र लिहितो, आणि दोन-तीन लाखांचे काम मात्र चहाच्या कपावर ठरवतो!

कागद वकिलाचाच हवा असे नाही. वहीचे एक पान पुरे, दोघांच्या सह्यांचे. माल कोणाचा, मजुरी चौरस फुटावर की उक्ती, राडारोडा कोण उचलणार, हे त्यात यावे. नुसते ‘चांगले प्लायवुड’ लिहून भागत नाही. स्वयंपाकघरातील ओट्याखाली पाणी लागते. तेथे भारतीय मानक ७१० चे प्लायवुड धरले असेल तर तसे लिहावे. मानक ३०३ चे साधे प्लायवुड स्वस्त पडते, पण पाण्यात टिकत नाही. पुढे शिव्या मात्र सुताराला बसतात. जादा काम निघाले की हात लावण्यापूर्वी त्याच पानावर ओळ वाढवावी.

कामाचा क्रमही ग्राहकाला आधी समजावून सांगावा. भिंतीतले नळ दाबाने तपासल्याशिवाय टाइल लावू नये. न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग झाले की किमान चोवीस तास पाणी साठवून ठेवावे आणि खालच्या घराचे छत पाहून यावे. पाहुणे येणार म्हणून ग्राहक घाई करतो. तेथे मिस्त्रींनी बधू नये. भिंत पाडायची असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आणि इंजिनिअरचा सल्ला ग्राहकानेच आणावा. जुन्या इमारतीत कोणती भिंत भार पेलते, हे नुसते ठोकून कळत नाही.

पैशांचे म्हणाल तर, मोठी उचल घेऊन दुसऱ्या साइटवर जाणारे आपल्यातही आहेत, हे कबूल केले पाहिजे. त्यांच्यामुळे प्रामाणिक माणसालाही संशय सोसावा लागतो. उलट, शेवटचा हप्ता महिनोन्‌महिने अडकवणारे ग्राहकही कमी नाहीत. यावर आम्हाला पटलेला उपाय असा : हप्ते तारखेवर न बांधता कामाच्या टप्प्यांवर बांधावेत. शेवटी दोघांनी घरभर फिरून उरलेल्या कामांची यादी करावी आणि प्रत्येक बाबीपुढे रक्कम घालावी. दाराची एक कडी बसायची राहिली, तर कडीपुरतेच पैसे थांबतील, बाकीचे त्याच दिवशी मिस्त्रींच्या हातात पडतील.