आबा, मेपल आणि काकवी

हिवाळा सरत आला की आपल्या मंडळातल्या घराघरांत एकच लगबग सुरू होते. भारतातून आईवडील यायचे असतात! विमानतळावर बहुधा सहा महिन्यांचा मुक्काम मिळतो. पूर्वी त्याची तारीख पासपोर्टला जोडलेल्या पांढऱ्या कार्डावर शिक्का मारून येई. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांची ती नोंद संगणकावर असते. (नवीन मंडळींनी ती छापून घरात ठेवावी, ही आमची आगाऊ सूचना.) तारीख कळली की आपण सगळे तीच यादी काढतो: नायगारा, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क. ते महिनाभरात उरकते. उरलेले पाच महिने वडीलधारी माणसे खिडकीतून रिकामा रस्ता बघत बसतात.

आमचे आबा यंदा मार्चमध्ये आले. आबा कोल्हापूरजवळच्या खेड्यातले शेतकरी, आणि पंचक्रोशीत नावाजलेले गुळवे. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो: काहिलीत उकळणारा उसाचा रस नेमका कधी उतरवायचा, हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. जरा उशीर झाला तर गूळ करपतो, घाई केली तर ढेप बसत नाही. सगळा हंगाम त्या एका माणसाच्या नजरेवर!

फोनवर मात्र आबा म्हणजे "बरं हाय. आईशी बोल." दहा वर्षे हेच चालले. आई २०२१ च्या मे महिन्यात गेली. तेव्हा इथून गेलेल्या आमच्यासारख्या व्हिसावाल्यांना परत येऊ देतील याचा भरवसा नव्हता, आणि जाणे झाले नाही. त्यानंतर ज्याच्या हाती फोन द्यावा असे आबांजवळ कुणी उरले नाही. व्हिडिओवर आम्हाला त्यांचे कपाळ आणि वरचा पंखा, एवढेच दिसे.

आल्यावरही पहिले दोन आठवडे तसेच गेले. मग एका शनिवारी मेपलचा पाक कसा करतात ते दाखवायला त्यांना न्यू हॅम्पशायरला नेले. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन असे हवामान आले की मेपलच्या झाडाला पाडलेल्या भोकातून रस ठिबकतो. तिथल्या मालकाने पेलाभर चाखायला दिला. आबांनी घोट घेतला आणि आमच्याकडे पाहिले. "हे पाणीच की रं!"

खरेच होते ते. उसाच्या रसात शंभरात अठरा-वीस भाग विरघळलेले असतात, त्यात बहुतेक साखरच. या रसात साखर जेमतेम दोन भाग. म्हणून चाळीस गॅलन रस आटवावा तेव्हा कुठे एक गॅलन पाक मिळतो. साखर मात्र दोन्हीकडे तीच, सुक्रोज.

आबा भट्टीपाशी गेले आणि तिथून हलेनात. लाकडाचा जाळ, पसरट भांडे, छपराला भिडलेली वाफ, वर येणारा फेस. मालकाचे लक्ष थर्मामीटरवर. पाणी उकळते त्याच्या वर सात अंश फॅरनहाइट, म्हणजे सेल्सियसमध्ये १०४ च्या आसपास गेले की पाक तयार. आबा मात्र मालकाच्या हातातल्या उलथन्यावरून पाक कसा ओघळतो ते बघत होते. थेंब थेंब पडायचे थांबून पाक पदरासारखा सलग उतरला, तसे ते म्हणाले, "झाली काकवी. गुळाला अजून लई लांब." मालकाने काचेचे माप बुडवून पाहिले आणि नळ सोडला. गुळाला सुमारे ११८ अंशांपर्यंत जावे लागते. हा आकडा आबांनी आयुष्यात ऐकलेला नाही. ते थेंब गार पाण्यात टाकतात आणि बोटांनी गोळी वळून बघतात. आम्ही रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेली माणसे, पण हा हात आमच्याजवळ नाही.

परतीच्या वाटेवर आबा बोलत सुटले. भेंडीच्या चिकाने मळी कशी वर येते, चुना जास्त झाला की गूळ कसा काळवंडतो, चिपाड ओले असले की जाळ कसा धरत नाही. आणि मध्येच, समोर रस्त्याकडे बघत, असेही सांगितले की आमच्या एम.एस्सी.च्या वर्षी गुळाला भाव नव्हता, म्हणून त्यांनी रात्री शेजारच्या गावात दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर काहील सांभाळली. "तुज्या आईनं सांगू नगा म्हटलेलं." हायवेवर गाडी थांबवता येत नाही. पुढच्या पंपावर पेट्रोल भरायला मात्र आम्हाला जरा जास्तच वेळ लागला.

त्यानंतर शनिवार ठरूनच गेले. आबा सांगत, आम्ही वहीत उतरवून घेत असू. नायगारा राहून गेला, त्याची खंत आम्हाला नाही आणि आबांना तर नाहीच! पुढच्या वर्षी ज्यांचे वडील येणार आहेत त्यांनी यादी करण्याआधी त्यांच्या हाताला काय येते ते आठवून पाहावे. कुणी सुतारकाम केले असेल, कुणी एसटीच्या वर्कशॉपात इंजिने खोलली असतील. तसले काम चालते अशी जागा इथेही थोडे शोधले की सापडते.

आबा सप्टेंबरात परत गेले. फोन अजून तोकडाच असतो, पण दिवाळीनंतर गुऱ्हाळ सुरू झाल्यापासून कपाळाऐवजी काहील दिसते. डिसेंबरात आम्ही तीन आठवडे जात आहोत. लग्न नाही, मुंज नाही, गुऱ्हाळासाठी. इथून काय आणू, थर्मामीटर आणू का, असे विचारले.

"त्यो कशाला? लोकरीचं पायमोजं आण. पहाटंचं चुलवाणापाशी त्वांड भाजतंय अन् पाय गारठत्यात."