वर्ग कोण ठरवतं?

अमेरिकेत विशेष गरजा असलेल्या मुलाचा वर्ग मुख्याध्यापक एकटे ठरवू शकत नाहीत. विशेष शिक्षणाच्या कायद्यानुसार हा निर्णय शिक्षक, तज्ज्ञ आणि पालक मिळून घेतात. आधी मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे ‘आयईपी’ बनतो, वर्ग त्यानंतर. कुठे जागा रिकामी आहे ते पाहून मूल बसवलं, तर आराखड्याला अर्थच उरत नाही.

कायद्याचा कल सर्वसाधारण वर्गाकडे आहे. मदतनीस, मोठ्या अक्षरांतली पुस्तकं, परीक्षेत जादा वेळ अशी सोय करूनही जमत नसेल, तरच मुलाला वेगळं काढता येतं; तेही गरजेपुरतंच. गणिताच्या तासाला रिसोर्स रूममध्ये, म्हणजे जादा मदतीच्या वेगळ्या खोलीत, जाणारी मुलगी विज्ञान, चित्रकला आणि मधली सुट्टी वर्गातल्या मैत्रिणींबरोबरच घालवते. पूर्णवेळ विशेष वर्ग, विशेष शाळा, घरी शिक्षण हे त्यापुढचे पर्याय. आढावा वर्षातून किमान एकदा.

वर्ग बदलायचा तर शाळेने आधी लेखी, कारणांसह कळवावं लागतं. पालकांनी रीतसर सुनावणी मागितली, तर निकाल लागेपर्यंत मूल सहसा आहे त्याच वर्गात राहतं. पालकांच्या हातातलं हे सगळ्यात मोठं बळ, आणि नेमकं तेच अनेकांना माहीत नसतं.

तिथल्या मराठी आई-बाबांनो, बैठकीतलं इंग्रजी जड जात असेल तर दुभाषा मागा. तशी सोय करणं शाळेचं कर्तव्य आहे. आणि आराखडा घरी नेऊन, नीट वाचूनच सही करा.