मदरबोर्ड घेण्यापूर्वी त्याची मांडणी वाचा

तांब्याचे भांडे घेणारा जाणकार गिऱ्हाईक आधी ते हातात घेऊन वजन पाहतो, पत्रा किती जाड आहे ते बोटांनी तपासतो आणि चमक सर्वांत शेवटी पाहतो. पुण्याच्या कसबा पेठेत, तांबट आळीच्या आसपास ज्यांचे दुकान किंवा कारखाना आहे त्यांना हे शिकवावे लागत नाही. पण तोच माणूस दुकानासाठी कॉम्प्युटर जुळवून घ्यायला तापकीर गल्लीत किंवा अन्य बाजारात जातो तेव्हा नेमका उलटा व्यवहार करतो. "चाचा, हा गेमिंगचा बोर्ड आहे, डोळे झाकून घ्या," असे काउंटरवरचा मुलगा म्हणतो आणि चाचा रंगीत दिवे पाहून पैसे मोजतात. ईदच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर, गर्दीच्या दिवशी तो कॉम्प्युटर बंद पडला की बिले अडतात, हिशेब अडतो आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. म्हणून मदरबोर्ड कसा पारखावा याची माहिती आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंसाठी येथे देत आहोत.

मदरबोर्ड म्हणजे काय?

प्रोसेसर, मेमरी, डिस्क, प्रिंटर या सर्वांना जोडणारी ही पाटी होय. तिच्या आत तांब्याच्या बारीक रेषांचे चार, सहा किंवा अधिक थर असतात. एक औंस तांबे एक चौरस फूट जागेवर पसरले तर त्याची जाडी सुमारे ३५ मायक्रॉन भरते. काही कंपन्या खोक्यावर 'दोन औंस कॉपर' असे छापतात, त्याचा अर्थ काही थरांत याच्या दुप्पट जाड तांबे वापरले आहे. तांबे जाड असले की वीज कमी अडते आणि बोर्ड कमी तापतो. मेमरी किंवा डिस्क पुढे बदलता येते. बोर्ड बदलायचा तर सगळा कॉम्प्युटर उघडावा लागतो. म्हणून जे नंतर वाढवता येत नाही त्यावरच पैसा खर्च करावा, हा पहिला नियम.

आकार आणि सॉकेट

१९९५ साली इंटेलने एटीएक्स हे माप ठरवले. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो. मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४ चा आणि मिनी आयटीएक्स १७० बाय १७० चा. दुकानाच्या कामाला मायक्रो एटीएक्स पुरतो. तो स्वस्तही पडतो आणि लहान कॅबिनेटमध्ये बसतो.

सॉकेट पाहून प्रोसेसर ठरतो. इंटेलचे एलजीए १७०० आणि एएमडीचे एएम४ व एएम५ हे एकमेकांत चालत नाहीत. एलजीए सॉकेटमध्ये केसासारख्या पिना बोर्डावरच असतात. त्या वाकल्या तर वॉरंटीत बदलून मिळणे कठीण असते. म्हणून खोके दुकानातच उघडून सॉकेट डोळ्यांनी पाहावे आणि मगच बिल करावे.

आणखी एक फसगत अशी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असते त्यात चित्र दाखवण्याची सोय नसते. असा प्रोसेसर घेतला तर बोर्डावरील एचडीएमआय जोड असूनही पडदा काळा राहतो आणि ग्राफिक्स कार्डाचा वेगळा खर्च अंगावर येतो.

विजेचा भाग

बोर्डाचे आयुष्य मुख्यतः येथे ठरते. पॉवर सप्लाय १२ व्होल्ट देतो, प्रोसेसरला मात्र साधारण एक-सव्वा व्होल्टच लागतो. हे रूपांतर सॉकेटच्या बाजूच्या चौकोनी कॉइल आणि त्यांच्या शेजारचे भाग करतात. त्याला व्हीआरएम म्हणतात. उदाहरण घ्या. इंटेलचा आय५-१२४०० हा प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणून विकला जातो, पण जोर लागला की तो ११७ वॅटपर्यंत घेतो, असे कंपनीच स्वतः सांगते. सव्वा व्होल्टला ११७ वॅट म्हणजे ९० अँपियरपेक्षा जास्त प्रवाह झाला. घरातील मोठा प्लग १६ अँपियरचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या छोट्या जागेवर किती ताण येतो ते समजेल.

म्हणून व्हीआरएमवर धातूचा उष्णताशोषक आहे का ते पाहावे. हिशेब आणि बिलांसाठी छोटा प्रोसेसर असेल तर त्याच्याशिवायही भागते. फोटो, डिझाइन किंवा भरतकामाचे नमुने तासन् तास चालत असतील तर तो असलेला बोर्डच घ्यावा. कपॅसिटर घन जातीचे, म्हणजे डोक्यावर फुगण्याची खाच नसलेले असावेत. २००० नंतरच्या काही वर्षांत द्रवाचे निकृष्ट कपॅसिटर फुगून जगभर असंख्य बोर्ड निकामी झाले होते, हे जुन्या मेकॅनिकांना आठवत असेल.

खाचा आणि जोड

मेमरीच्या खाचा दोन आहेत की चार ते मोजावे. इंटेलच्या एच६१० चिपसेटवर दोनच मिळतात. बी६६० आणि बी७६० वर चारही मिळू शकतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांची खूण वेगळ्या जागी असते, त्यामुळे जुनी मेमरी नव्या बोर्डात बसेल हे गृहीत धरू नये. चार खाचांच्या बोर्डात दोनच मेमरी लावायच्या असतील तर बहुधा प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी खाच वापरावी लागते.

लांब खाच दिसली म्हणून ती पूर्ण वेगाची असेलच असे नाही. दुसऱ्या लांब खाचेच्या आत अनेकदा चारच मार्ग जोडलेले असतात. तसेच काही बोर्डांवर एम.२ खाचेत एसएसडी बसवली की सॅटाचा एखादा जोड बंद होतो. हे सर्व माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते. ही पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. खरेदीच्या आदल्या दिवशी घरच्या मुला-मुलींकडून ती काढून घ्यावी.

मांडणी पाहताना एक गोष्ट तपासावी: जाड ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर खालची खाच किंवा सॅटाचे जोड झाकले जातात का? जाणार असतील तर ते आपल्या उपयोगाचे नाहीत असे समजावे.

जुना वजनकाटा सीरियल केबलने जोडायचा असेल तर बोर्डावर 'कॉम' अशी पिनांची रांग आहे का ते पाहावे. अनेक साध्या बोर्डांवर ती असते आणि महागड्या बोर्डांवर कधी नसते. म्हणजे महाग तेच आपल्या कामाचे, हा समज येथे खोटा ठरतो.

स्वस्त 'नवा' बोर्ड

बाजारात अनोळखी नावाचे, एच६१ चिपसेटचे बोर्ड नवे म्हणून मिळतात. एच६१ हा २०११ सालचा चिपसेट आहे. त्यावर चालणारे प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादीत नाहीत, आणि विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. बँकेचे आणि जीएसटीचे काम ज्या कॉम्प्युटरवर होते त्यासाठी असा बोर्ड घेणे म्हणजे दुकानाला जुने कुलूप लावण्यासारखे आहे.

बसवताना आणि बिल घेताना

धातूकाम चालते तेथे कॉम्प्युटर कामाच्या जागेपासून दूर ठेवावा. तांब्या-पितळेची भुकटी विजेची वाहक असते. ती बोर्डावर बसली आणि पावसाळ्याची ओल लागली तर शॉर्ट होण्यास वेळ लागत नाही. कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली ज्या पितळी खुंट्या लावतात त्या बोर्डाच्या भोकांइतक्याच असाव्यात. एखादी जादा राहिली तर ती मागून बोर्डाला टेकून बिघाड करते. अर्थिंग तपासून घ्यावे, जुन्या वाड्यांत तर नक्कीच.

बिल पक्के घ्यावे आणि त्यावर बोर्डाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. वॉरंटी कंपनीची आहे की फक्त दुकानदाराची, आणि किती वर्षांची, हे तोंडी नको, लेखी हवे. मदरबोर्डवर १८ टक्के जीएसटी आहे. दहा हजारांच्या बोर्डावर १,८०० रुपये कर होतो. नियमित जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला धंद्यासाठी घेतलेल्या मालावरील हा कर आपल्या देय करातून वजा करता येतो, मात्र बिलावर त्याचा जीएसटी क्रमांक असला पाहिजे. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ही सवलत नाही. बिलाशिवाय पाचशे रुपये कमी देऊन घेतलेला बोर्ड म्हणूनच स्वस्त नसतो.

थोडक्यात, दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर आपले काम, जोडायची यंत्रे आणि पुढील पाच वर्षांत काय वाढवायचे ते लिहावे आणि प्रत्येक बोर्ड त्या कागदावर तोलावा. दिवे किती लागतात हा प्रश्न त्या कागदावर येणारच नाही.