केशराविना केशर क्यारी

जयपूरच्या उत्तरेस सुमारे ११ किलोमीटरांवर कछवाह राजांची जुनी राजधानी आमेर वसलेली आहे. टेकडीवर राजवाडा आणि पायथ्याशी मावठा सरोवर अशी तेथील रचना होय. राजा मानसिंगांनी १५९२ मध्ये राजवाड्याच्या बांधकामास आरंभ केला. पुरंदरच्या तहामुळे (१६६५) महाराष्ट्रास परिचित असलेल्या मिर्झाराजे जयसिंगांनी त्यात मोलाची भर घातली. सरोवरात एक चिमुकले बेट असून त्यावर मोगल धाटणीची बाग आहे. तिचे नाव केशर क्यारी. क्यारी म्हणजे वाफा.

ही बाग पाहावी ती वरून. राजवाड्याच्या सज्जातून खाली दृष्टी टाकली की ताऱ्यांच्या आकाराचे वाफे आणि त्यांना जोडणाऱ्या पाऊलवाटा पाण्यावर अंथरलेल्या गालिच्यासारख्या दिसतात. मात्र या वाफ्यांत केशर नाही. येथे एके काळी केशर लावले होते, परंतु ते जगले नाही, असे सांगतात. ‘उष्ण हवा मानवली नाही,’ हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण. ते खोटे नसले तरी अपुरे आहे. इराणच्या खोरासान प्रांतातही कडक उन्हाळा असतो आणि तेथे केशर उत्तम पिकते.

केशराचे झाड (क्रोकस सॅटायव्हस) उन्हाळ्यात जमिनीखाली कंदाच्या रूपाने निद्रिस्त असते. वर पाने नसतात, पाण्याची गरज नसते. कोरडी माती त्याला हितकर ठरते. उन्हाळा उतरता उतरता कंदाच्या पोटात पुढील फुलांचे कोंब घडू लागतात. त्यासाठी २३ ते २७ अंश सेल्सियस तापमान अनुकूल असते. पुढे शरदात तापमान १७ अंशांच्या आसपास उतरले की जांभळी फुले उमलतात. फुलातील किंजल्काचे तीन तांबडे तंतू म्हणजेच केशर. एक किलो केशरासाठी सुमारे दीड लाख फुले खुडावी लागतात, हे कळले म्हणजे वाण्याने सांगितलेला भाव अवाजवी वाटत नाही.

आता जयपूरचे ऋतुमान पाहावे. मे-जूनमध्ये पारा ४० अंशांच्या वर चढतो. वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक पावसाळ्याच्या मोजक्या महिन्यांत, म्हणजे कंदाला कोरडेपणा हवा असतो नेमका तेव्हाच. उबदार, ओल्या मातीत कंदावर बुरशी पडून तो कुजतो. काश्मीरात पांपोरच्या उंच करेवा पठारांवर पाण्याचा निचरा होतो. भोवती तळे भरलेल्या बेटाच्या मातीत मात्र ओल टिकणार. पुन्हा ऑक्टोबरमध्ये जयपूरची दुपार ३३ अंशांच्या घरात असते. सरोवराच्या बाष्पीभवनाने थोडा गारवा लाभत असेल, पण तो कितीसा पुरणार?

माळ्याने चिकाटीने बी पेरून, तगणारी रोपे निवडून पिढ्यान्‌पिढ्या नवे वाण का घडवू नये, अशी शंका येईल. केशराला बीच धरत नाही. त्याच्या पेशींत रंगसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. त्यामुळे जनन-पेशी तयार होताना रंगसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नाहीत आणि झाड वांझ राहते. लागवड कंदापासूनच करावी लागते. प्रत्येक नवा कंद जवळजवळ मातृकंदाची नक्कल असतो. निवडीला वाव राहतो तो फारच थोडा.

अलीकडे महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी तापमान नियंत्रित केलेल्या बंद खोल्यांत केशर फुलविले आहे. तेथे कंद मातीविना, फळ्यांवर मांडलेले असतानाच फुलतात, कारण फुलण्यापुरते अन्न कंदात आधीच साठलेले असते. आमेरची गोष्ट खरी असेल, तर हीच बाब तेथील माळ्यांना चकवून गेली असण्याचा संभव आहे. काश्मीरातून कोंब धरलेले कंद आणून थंडीच्या तोंडावर लावले, तर पहिल्या वर्षी काही फुले उमललीही असतील. कंद फसले असतील ते पुढच्या पावसाळ्यात, मातीखाली, कोणाच्या नजरेस न पडता.