घटनासमितींत कोण काय बोललें?

व्याख्यानांत, वृत्तपत्रांत किंवा घरच्या गप्पांतसुद्धां एक युक्तिवाद हमखास ऐकूं येतो: अमुक पुढारी घटनासमितींत असें म्हणाले होते. सांगणाऱ्याच्या आवाजांत असा ठामपणा असतो कीं, ऐकणारा बहुधा गप्पच बसतो. डॉ. आंबेडकरांचें खेड्यांविषयींचें एक कठोर वाक्य याच रीतीनें वर्षानुवर्षें फिरत आलें आहे. खेडें म्हणजे अज्ञानाचें आणि संकुचित वृत्तीचें घर, अशा अर्थाचें तें वाक्य. कोणी तें त्यांच्या स्पष्टवक्तेपणाचा पुरावा म्हणून सांगतो, तर कोणी त्यांच्यावर दोषारोप करण्यासाठीं. मूळ पान उघडून पाहिलेला मनुष्य मात्र दोन्ही पक्षांत विरळा.

वस्तुतः तें पान उघडणें आतां अवघड राहिलेलें नाहीं. ९ डिसेंबर १९४६ पासून २४ जानेवारी १९५० पर्यंत घटनासमितीच्या ज्या बैठकी झाल्या, त्यांतील चर्चेचा अधिकृत वृत्तांत १२ खंडांत छापलेला आहे. मोठ्या ग्रंथालयांतून हे खंड असतात. शिवाय ते आज संगणकावर घरबसल्या वाचतां येतात, आणि हवा तो शब्द टाइप केला कीं, तो ज्या ज्या ठिकाणीं आला असेल तें तें ठिकाण क्षणार्धांत पुढें येतें. अडचण निराळीच आहे. शब्द सांपडला म्हणजे बोलणें सांपडलें, असें होत नाहीं. आणि शब्द सांपडला नाहीं म्हणजे तो विषय निघालाच नव्हता, असेंहि होत नाहीं.

मुळांत सभागृहांतील भाषण जसेंच्या तसें उतरून ठेवावें, ही कल्पना फारशी जुनी नव्हे. ज्या इंग्लंडांतून ही वहिवाट हिंदुस्थानांत आली, तेथें १७३८ सालीं कॉमन्स सभेनें आपलें कामकाज छापणें हा सभेचा हक्कभंग होय, असा ठराव केला होता. तेव्हां ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकानें एक युक्ति काढली. लिलिपुट नांवाच्या काल्पनिक देशांतील संसदेची हकीगत म्हणून तें मासिक खऱ्या संसदेंतील भाषणें छापूं लागलें. १७४१ ते १७४४ या काळांत तीं लिहून देण्याचें काम डॉ. सॅम्युएल जॉन्सन करीत असत. सभागृहांत जाऊन बसण्याच्या भरीस ते पडले नाहींत. दुसऱ्यांनीं आणलेल्या तुटपुंज्या टिपणांवरून ते घरीं बसून भाषणें रचीत. पुढें एका मेजवानींत पिटच्या एका गाजलेल्या भाषणाची स्तुति चालली असतां, तें आपणच लिहिल्याचें त्यांनीं सांगून टाकलें! वक्तृत्वाचे नमुने म्हणून तीं भाषणें आजहि वाचावीं. पिट काय बोलला, याचा पुरावा म्हणून नव्हे.

१८०३ सालीं विल्यम कॉबेट यानें संसदेच्या वृत्तांतांची मालिका सुरू केली. ती पुढें मुद्रक हॅन्सर्ड याच्याकडे गेली, आणि त्याचेंच नांव या प्रकारच्या ग्रंथांना चिकटलें. १९०९ पासून कॉमन्स सभा आपल्या स्वतःच्या नोकरवर्गाकडून वृत्तांत लिहवून घेऊं लागली. तरीहि तो अक्षरशः नसतो. पुनरुक्ति गाळावयाची, उघड चुका दुरुस्त करावयाच्या, पण अर्थांत भर घालणारें कांहीं सोडावयाचें नाहीं, असा तेथील नियम आहे. म्हणजे छापील पान आणि उच्चारलेला शब्द यांच्यामध्यें एका जाणत्या माणसाचा हात असतोच.

आतां घटनासमितीच्या खंडांकडे वळावें. तेथें नवख्या माणसाची पहिली फसगत आंकड्यांनीं होते. मूलभूत हक्कांच्या रक्षणासाठीं सर्वोच्च न्यायालयाकडे धांव घेण्याचा अधिकार देणारें ३२ वें कलम हा घटनेचा आत्मा आणि तिचें हृदय होय, असें आंबेडकर म्हणाल्याचें शाळकरी मुलांनासुद्धां ठाऊक असतें. तें भाषण शोधावें म्हणून कोणी ‘कलम ३२’ असे शब्द घालून पाहील, तर तें त्याला मिळावयाचें नाहीं. कारण ९ डिसेंबर १९४८ रोजीं आंबेडकर जेव्हां तें बोलले, तेव्हां त्या कलमाचा क्रमांक २५ होता. फेब्रुवारी १९४८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मसुद्यांत ३१५ कलमें होतीं. घटना मंजूर झाली तेव्हां तीं ३९५ झालीं. मधल्या काळांत कलमें वाढलीं, फुटलीं, सरकलीं. अस्पृश्यता नष्ट करणारें आजचें १७ वें कलम मसुद्यांत ११ वें होतें. जीवित आणि स्वातंत्र्य यांविषयींचें २१ वें कलम तेथें १५ वें होतें. समान नागरी कायद्याचें ४४ वें कलम ३५ वें होतें. म्हणून शोध घेतांना प्रथम मसुद्यांतील क्रमांक आणि चर्चेची तारीख निश्चित करावी. आजचा क्रमांक घेऊन त्या खंडांत शिरणें म्हणजे घरांना नवे नंबर पडल्यावर जुन्या पत्रावरच्या पत्त्यानें बिऱ्हाड शोधण्याचाच उलटा प्रकार होय.

दुसरी फसगत शब्दांची. प्रत्येक काळाची आपली परिभाषा असते. १९३५ च्या कायद्यानंतर सरकारी इंग्रजींत ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ हें नांव रूढ झालें. त्यापूर्वीं ‘डिप्रेस्ड क्लासेस’ असें म्हणत. मुंबईच्या कायदेकौन्सिलांत आंबेडकर १९२७ पासून सभासद होते, आणि १९२८ सालीं त्यांनीं महार वतनाविषयींचें बिल तेथें मांडलें. त्या वेळचे वृत्तांत चाळतांना नंतरचा शब्द घेऊन बसणाऱ्याच्या हातीं कांहीं लागणार नाहीं, आणि त्या सभेंत या प्रश्नाची वाच्यताच झाली नाहीं, असा भलताच निष्कर्ष तो काढील. पुणें हें जुन्या इंग्रजी पानांवर ‘पूना’ असतें. महाराष्ट्राला परिचित असलेले काकासाहेब गाडगीळ घटनासमितीच्या खंडांत ‘एन. व्ही. गाडगीळ’ म्हणून भेटतात. काकासाहेब या नांवानें त्यांचा शोध करणें व्यर्थ. यंत्राच्याहि खोडी आहेतच. जुना पुसट छाप वाचतांना यंत्र इंग्रजी ‘एम’ला ‘आर’ आणि ‘एन’ अशीं दोन अक्षरें समजतें, आणि ओळीच्या शेवटीं तुटलेला शब्द त्याच्या लेखीं दोन निराळे शब्द होतात. म्हणून एकाच शब्दावर विसंबूं नये. जवळचे चारदोन शब्द, वक्त्याचें आडनांव आणि तारीख, अशा तिन्ही वाटांनीं जाऊन पहावें.

तिसरी गोष्ट भाषेची. समितींतील बहुतेक भाषणें इंग्रजींत झालीं, पण सर्व नव्हेत. १० डिसेंबर १९४६ रोजीं झांशीचे रघुनाथ विनायक धुळेकर हिंदुस्थानींत बोलावयास उभे राहिले. अनेक सभासदांना ती भाषा समजत नाहीं, असें अध्यक्षस्थानावरून सांगण्यांत आलें, तरी त्यांनीं आपला आग्रह सोडला नाहीं. त्यांचें तें आवेशपूर्ण बोलणें आज बहुतेकांच्या वाचनांत येतें तें इंग्रजींतून! इंग्रजी खंडांत अशा भाषणांचें भाषांतर छापलेलें असून तशी खूणहि केलेली असते. ती खूण न पाहतां एखाद्या शब्दाच्या छटेवरून वक्त्याचा स्वभाव ठरवूं पाहणारा पुष्कळदां भाषांतरकाराचा स्वभाव ठरवीत असतो.

परंतु सर्वांत मोठा अन्याय होतो तो अर्धवट वाचनानें. खेड्यांविषयींचें तें वाक्य आंबेडकर खरोखरच बोलले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं मसुदा सभेपुढें मांडतांना, मसुद्यांत ग्रामपंचायतींना पायाचें स्थान दिलेलें नाहीं, या टीकेस उत्तर देण्याच्या ओघांत तें आलें; व्यक्ति हाच घटक धरला याचा त्यांना आनंदच वाटत होता. येथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतें. दुसऱ्याच दिवशीं ह. वि. कामत यांनीं या विधानावर जोराचा हल्ला चढविला; पुढील दिवसांत इतरांनींहि नाराजी दाखविली. आणि २२ नोव्हेंबर १९४८ रोजीं के. संतानम् यांनीं ग्रामपंचायतींची संघटना करणें हें सरकारचें कर्तव्य ठरविणारें नवें कलम सुचविलें, तेव्हां तें स्वीकारीत असल्याचें आंबेडकरांनीं अगदीं थोडक्या शब्दांत सांगितलें. आजचें ४० वें कलम तेंच. त्यांचें मत बदललें, कीं सभेच्या इच्छेपुढें त्यांनीं मान तुकविली, यावर वाद घालतां येईल. पण ४ तारखेचें वाक्य सांगून २२ तारखेविषयीं मौन पाळणें हा प्रामाणिक वाद नव्हे, मग तें वाक्य कोणाच्याहि बाजूचें असो.

बॅ. जयकरांची हकीगत अशीच. १६ डिसेंबर १९४६ रोजीं त्यांनीं नेहरूंच्या ध्येयविषयक ठरावाला उपसूचना आणली. तेवढेंच टिपण हातीं आलेल्यास ते स्वतंत्र प्रजासत्ताकाच्या ध्येयाला आडवे गेले, असें वाटावयाचें. संपूर्ण भाषण वाचलें म्हणजे कळतें कीं, मुस्लिम लीग आणि संस्थानें यांच्या प्रतिनिधींना समितींत येण्याची संधि मिळावी म्हणून ठरावावरील मतदान लांबणीवर टाकावें, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. दुसऱ्या दिवशीं आंबेडकरांनीं त्यांस दुजोरा दिला. ठराव अखेर २२ जानेवारी १९४७ रोजीं मंजूर झाला, म्हणजे कांहीं काळ थांबणें झालेंच.

कांहीं गोष्टी या खंडांत मिळतच नाहींत. पुष्कळसे निर्णय समित्यांच्या बंद खोल्यांत झाले. २१ व्या कलमांतील ‘ड्यू प्रोसेस’ हे शब्द जाऊन कायद्यानें ठरविलेल्या पद्धतीचे शब्द आले, तो बदल मसुदा समितीनें केला. सभेपुढें तो झालेला बदल म्हणूनच आला. त्याचा माग काढावयाचा तर बी. शिवराव यांनीं संपादिलेले समित्यांच्या कागदपत्रांचे खंड पहावे लागतात.

आणि कांहीं शब्द बोलले जाऊनहि छापले जात नाहींत. लोकसभेच्या ३८० व्या नियमान्वयें बदनामीकारक, असभ्य, असंसदीय किंवा सभेच्या प्रतिष्ठेस न शोभणारे शब्द कामकाजांतून काढून टाकण्याचा हुकूम अध्यक्षांस देतां येतो. त्या जागीं छापील पानावर नुसत्या चांदण्या उमटतात आणि खालीं तळटीप येते. गाळलेले शब्द शोध घेणाऱ्यास मिळत नाहींत. परंतु त्या चांदण्यांच्या आधीं कोण बोलत होता, नंतर कोणी हरकत घेतली आणि अध्यक्ष काय म्हणाले, हें मात्र पानावर शिल्लक राहतें.