राउटर पुरे की फायरवॉल हवी?
छोट्या कार्यालयाचं नेटवर्क : लेखांक ६

मागच्या लेखात केबल, स्विच आणि यूपीएसचा हिशेब लावला. आज आपलं नेटवर्क जिथे संपतं आणि बाहेरचं इंटरनेट सुरू होतं त्या जागेबद्दल. हिंगणघाटच्या जिनिंगचं कार्यालय असो, आर्वीतली पतसंस्था असो की वर्ध्यातल्या करसल्लागाराचं ऑफिस, फायबरचं कनेक्शन देताना नेटवाल्याने लावून दिलेला राउटरच बहुतेक ठिकाणी या जागी असतो. मग कुणीतरी विक्रेता येतो आणि सांगतो, की यानं भागणार नाही, फायरवॉल घ्या. पतसंस्थेच्या संचालकांपुढे कोटेशन ठेवलं जातं आणि दोन वस्तूंपैकी एक निवडायची आहे असा सगळ्यांचा समज होतो.

मुळात तशी निवड नाही. कार्यालयातल्या संगणकांना १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते असतात आणि बाहेर जाताना राउटर ते सगळे एका पत्त्यामागे झाकतो. आतून कुणी मागणी केली असेल तर तिचं उत्तर आत येतं. न मागता आलेलं पॅकेट टाकून दिलं जातं. चालू असलेलं संभाषण लक्षात ठेवून आत सोडण्याचं हे तंत्र १९९४ च्या सुमारास चेक पॉइंट या इस्रायली कंपनीने बाजारात आणलं, तेव्हा ते फायरवॉल म्हणूनच विकलं जात होतं. आज साध्यातल्या साध्या राउटरमध्येही ते असतं. म्हणजे फायरवॉलचं पहिलं काम तुमच्याकडे आधीच चालू आहे.

अडचण वेगळीकडे आहे. ईमेलमधलं खोटं बिल कुणी उघडलं, की संगणक आतूनच बाहेर संपर्क करतो. राउटरच्या दृष्टीने ती रीतसर मागणी असते. शिवाय हिशेबाचा संगणक, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे मोबाइल सगळे एकाच वायफायवर असतात. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा मालवेअर पसरला, तो संगणकांनी आपापसांत फाइली देण्याच्या वाटेने. त्या वाटेतल्या दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या मालवेअरने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं नेटवर्क आतून पोखरलं आणि उरणजवळच्या जेएनपीटीतल्या त्यांच्या टर्मिनलचं काम अडलं.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण तर आपल्या सहकार क्षेत्रातलं. ११ ऑगस्ट २०१८ ला २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले. १३ ऑगस्टला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारप्रणालीमार्गे आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगला गेले. भारतात काढलेली रक्कम धरून आकडा ९४ कोटींवर पोहोचला. आत शिरलेल्या मालवेअरमुळे पैसे काढण्याची विनंती खऱ्या प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हती, बनावट यंत्रणा परस्पर मंजुरी देत होती. म्हणून फायरवॉल घ्यायचीच तर ती नेटवर्कच्या आत भिंती घालण्यासाठी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. वाड्याचा दिंडीदरवाजा भक्कम असला तरी माजघराला दार हवंच. हिशेबाचे संगणक एका व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच केबलींवर पाडलेल्या वेगळ्या नेटवर्कमध्ये, कॅमेरे दुसऱ्यात, पाहुण्यांचं वायफाय तिसऱ्यात. कोणी कोणाशी बोलायचं ते फायरवॉल ठरवेल. एकाच नेटवर्कवर सगळं ठेवून नुसता महागडा डबा बसवला, तर यातलं काहीच हाती लागत नाही.

आता निवड. पहिला प्रश्न : बाहेरून आत येण्यासाठी तुम्ही काही उघडं ठेवलं आहे का? मालकांना घरून कॅमेरे दिसावेत म्हणून डीव्हीआरचं पोर्ट फॉरवर्ड केलेलं असतं. टॅली बाहेरून चालवता यावी म्हणून रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट उघडं असतं. खंडणी मागणारे नेमकं हेच शोधत फिरतात. राउटरच्या पानावर ‘वॅन’चा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी असेल, तर इंटरनेट कंपनीने तो अनेक ग्राहकांत वाटलेला आहे आणि त्या वाटेने तुमच्यापर्यंत थेट कुणी येत नाही. कॅमेऱ्यांसाठी स्टॅटिक आयपी विकत घेतला असेल, तर मात्र उघडलेलं पोर्ट आजच बंद करा आणि व्हीपीएन वापरा. आयपीव्ही६ चालू असेल तर पत्ते झाकलेले नसतात, तेव्हा राउटरमधली त्याची फायरवॉल सुरू आहे ना, हेही पाहा.

दुसरा प्रश्न कार्यालयाच्या आकाराचा. पाच-सहा संगणक, सर्व्हर नाही, काम ईमेल आणि ऑनलाइन पोर्टलवर, असं असेल तर फायरवॉलवर पैसे घालू नका. चांगला राउटर, वेगळं गेस्ट वायफाय, बदललेला ॲडमिन पासवर्ड आणि वेळच्या वेळी अपडेट एवढं पुरतं. अपडेटचं गांभीर्य मायक्रोटिकच्या राउटरांनी दाखवलं. एप्रिल २०१८ मध्ये कंपनीने दोष दुरुस्त करून दिला, पण अपडेट न केलेल्या हजारो राउटरांतून, भारतातल्यासुद्धा, त्यानंतर कित्येक महिने वेबपानांत क्रिप्टोचलन खणणारा कोड घुसवला जात होता.

पतसंस्थेचा स्वतःचा सर्व्हर आहे, देवळी-पुलगावला शाखा आहेत, सभासदांची आधार-पॅनची कागदपत्रं आत आहेत, तर फायरवॉल घ्याच. माहितीपत्रक मात्र नीट वाचा. फोर्टिगेट ४०एफचं उदाहरण घ्या : फायरवॉलचा वेग ५ जीबीपीएस, पण सगळी तपासणी चालू केल्यावर ६०० एमबीपीएस. आपल्या कामाचा आकडा दुसरा. कोटेशन तीन वर्षांच्या लायसन्ससह मागवा. लायसन्स संपलं तरी इंटरनेट सहसा चालतच राहतं, फक्त नव्या धोक्यांची माहिती येणं थांबतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. बहुतेक कंपन्यांना हे लागू आहे. शिवाय आज बहुतेक वेबसाइटी एन्क्रिप्टेड असतात. फायरवॉलचं प्रमाणपत्र प्रत्येक संगणकावर बसवल्याशिवाय तिला त्या वाहतुकीच्या आतलं दिसत नाही, हे विकताना क्वचितच सांगतात. जुन्या संगणकात दोन लॅन कार्डं घालून ओपीएनसेन्स हे मोफत फायरवॉल सॉफ्टवेअर चालवता येतं आणि ते उत्तम आहे, पण ते जाणणारा माणूस गावात हवा.

नोंदींचाही विचार करा. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात आणि सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते. साध्या राउटरच्या नोंदी बहुधा वीज जाताच पुसल्या जातात. फायरवॉल असली तरी नोंदी दुसऱ्या संगणकावर पाठवायची सोय करून घ्या.

आणि जागा. पंखा नसलेल्या छोट्या फायरवॉलला सहसा ४० अंशांपर्यंतचंच तापमान सोसतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. बसवायला आलेल्याला ती माळ्यावर ठेवू देऊ नका, ज्या खोलीत कूलर किंवा एसी दिवसभर चालतो तिथेच भिंतीवर घ्या.

पुढच्या लेखात : दोन शाखा व्हीपीएनने कशा जोडायच्या.